चाळीस श्रोत्यांची रात्र

इतिहास लिहू पाहणाऱ्याला साक्षीदार पुरत नाहीत, ही या व्यवसायातील जुनी तक्रार आहे. लढाई पाहिलेला माणूस लिहीत नाही आणि लिहिणाऱ्याने लढाई पाहिलेली नसते. परंतु क्वचित याच्या अगदी उलट प्रकार घडतो. घटना लहानशी असते आणि साक्षीदार मात्र इतके निघतात की, त्या सर्वांना बसवायला घटनेत जागाच उरत नाही. शुक्रवार, ४ जून १९७६ रोजी इंग्लंडातील मँचेस्टर शहरी, एका लहान सभागृहात, लंडनहून आलेल्या एका नवख्या बँडचे गाणे झाले. ऐकायला आलेली माणसे चाळिसाच्या आसपास होती. पुढे मात्र ‘त्या रात्री मी तेथे होतो’ असे सांगणाऱ्यांची संख्या वर्षागणिक वाढत गेली. इतकी की, डेव्हिड नोलन या लेखकाने त्या रात्रीचा छडा लावण्यासाठी जे पुस्तक लिहिले, त्याचे नावच ‘शपथेवर सांगतो, मी तेथे होतो’ अशा अर्थाचे ठेवले. तेव्हा आमच्यापुरते आम्ही आरंभीच सांगून टाकतो की, आम्ही त्या रात्री तेथे नव्हतो. जे होते त्यांनी मागाहून सांगितलेल्या हकीकती आणि त्या काळचे जे थोडे कागद व तबकड्या शिल्लक आहेत ते, यांच्या आधाराने ही रात्र येथे मांडीत आहोत.

इतक्या दूरच्या रात्रीशी आपला संबंध काय, असे कोणी विचारील. घरातील मुलगा किंवा मुलगी शनिवारी संध्याकाळी ‘इंडी बँड ऐकायला जातो’ असे सांगून बाहेर पडते, हा अनुभव आता दिल्ली, कलकत्ता, बंगळूर अशा शहरांतील मराठी कुटुंबांना नवा राहिलेला नाही. ‘इंडी’ हा ‘इंडिपेंडंट’ या शब्दाचा तुकडा. बड्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांच्या आश्रयावाचून, आपल्याच हिमतीवर आणि बहुधा आपल्याच खर्चाने, गाणे बसविणारे व प्रसिद्ध करणारे ते ‘इंडी’, असा त्याचा मूळ अर्थ. हा शब्द ज्या परंपरेतून रूढ झाला तिचे एक ठळक उगमस्थान म्हणून मँचेस्टरच्या या रात्रीकडे बोट दाखविले जाते. ते बोट कितपत बरोबर दिशेला आहे, हे पाहणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मँचेस्टर हे नाव मराठी घरांत शिरले ते कापडाच्या गाठींबरोबर. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशरच्या गिरण्यांची भूक भागविता भागविता मुंबईत पैशाचा पूर आला. युद्ध संपताच तो ओसरून कित्येक पेढ्या बुडाल्या. पुढे याच मँचेस्टरच्या आग्रहामुळे हिंदुस्थानात येणाऱ्या विलायती कापडावरील जकात उठविली गेली, आणि १८९६ साली तर आमच्याच गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसला. १९०५ साली पुण्यात विलायती कापडाची होळी झाली, तेव्हा त्या ज्वाळांत जळत होते ते बव्हंशी मँचेस्टरचेच नाव. आणि तरीही इचलकरंजीचे कौतुक करावयाचे झाले की आपण तिला ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ म्हणतो! द्वेष आणि कौतुक एकाच नावाला चिकटावे, हा इतिहासाचा नेहमीचा विनोद आहे.

ज्या वास्तूत आपली रात्र घडली तिचे नाव ‘फ्री ट्रेड हॉल’, म्हणजे मुक्त व्यापाराचे सभागृह. धान्यावरील आयातकराचे कायदे १८४६ साली रद्द झाले, त्या विजयाचे स्मारक म्हणून १८५३ ते १८५६ या वर्षांत हे सभागृह बांधले गेले. जागा निवडली तीही साधी नव्हे. १६ ऑगस्ट १८१९ रोजी मताधिकार मागण्यासाठी येथील सेंट पीटर्स मैदानावर जमलेल्या हजारो निःशस्त्र माणसांवर घोडदळ घालण्यात आले होते. ‘पीटरलू’ या उपरोधिक नावाने इंग्लंडला ठाऊक असलेली कत्तल ती हीच. १९०५ साली याच सभागृहात ख्रिस्ताबेल पँखर्स्ट आणि ॲनी केनी या दोघींनी लिबरल पक्षाच्या पुढाऱ्यांची सभा अडवून ‘स्त्रियांना मत देणार की नाही’ असा सवाल केला आणि तुरुंग पत्करला. १९४० च्या डिसेंबरात जर्मन बॉम्बवर्षावाने सभागृहाची दुर्दशा झाली. १९५१ साली ते पुन्हा उघडले. हॅले या विख्यात वाद्यवृंदाचे ते घर होते. याच इमारतीत वरच्या बाजूस एक धाकटे सभागृह होते, काही शे आसनांचे. मोठ्या सभागृहाचे भाडे ज्यांना परवडत नसे, ज्यांची गर्दी तेवढी नसे, त्यांच्यासाठी ते. आपली गोष्ट या धाकट्या सभागृहातली.

१९७६ सालचे मँचेस्टर हे वैभव उतरलेले शहर होते. गिरण्यांचे भोंगे एकामागून एक बंद पडले होते. जुन्या चाळी पाडून त्यांच्या जागी काँक्रीटच्या लांबच लांब इमारती उभ्या केल्या होत्या आणि त्या अल्पावधीतच जुन्यांपेक्षा उदास दिसू लागल्या होत्या. तरुणांच्या आवडीचे रॉक संगीत तर त्यांच्यापासून फार दूर निघून गेले होते. एकेका गाण्याचा विस्तार तबकडीची एक बाजू व्यापू लागला होता. वाद्ये महाग, यंत्रे त्याहून महाग, आणि वादक असे निष्णात की त्यांच्याकडे पाहून सामान्य मुलाने हातातील गिटार खाली ठेवावी. वीस वर्षांपूर्वी जे संगीत गल्लीतील पोरांचे होते ते आता क्रीडांगणे भरविणाऱ्या श्रीमंतांचे झाले होते. शिवाय मोठ्या कंपन्या, वृत्तपत्रे, वाहिन्या सर्व काही लंडनमध्ये. मँचेस्टरच्या मुलाने ऐकावे, पैसे द्यावे आणि घरी जावे, एवढाच त्याचा या व्यवहारातील वाटा.

मँचेस्टरजवळच्या बोल्टन येथील तंत्रसंस्थेत शिकणाऱ्या दोन विद्यार्थ्यांना हा वाटा मान्य नव्हता. एकाचे नाव हॉवर्ड ट्रॅफर्ड आणि दुसऱ्याचे पीटर मॅकनीश. पुढे हॉवर्ड डेव्होटो आणि पीट शेली या नावांनी ते प्रसिद्ध झाले. फेब्रुवारी १९७६ मध्ये ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ या साप्ताहिकात सेक्स पिस्टल्स या लंडनच्या बँडविषयी एक छोटे परीक्षण त्यांच्या वाचनात आले. नाव मुद्दाम शिष्टसंमत नसलेले. वर्तन त्याहूनही कमी. परीक्षणात कौतुकापेक्षा चकित होणेच अधिक होते. दोघांनी गाडी मिळविली, दक्षिणेस गेले आणि हाय विकम व वेलविन या गावी त्या बँडचे गाणे लागोपाठ ऐकून परतले. परतताना त्यांनी दोन निश्चय केले होते. एक, असा बँड आपणही काढावयाचा. दुसरा, या मंडळींना मँचेस्टरला आणावयाचे.

पुढची कामे कोणती होती, हे या मासिकाच्या वाचकांना फोड करून सांगण्याची गरज नाही. बदलीच्या गावी महाराष्ट्र मंडळाचे चिटणीसपद एकदा तरी गळ्यात पडलेल्या प्रत्येकाने ती केलेली आहेत. सभागृहाची तारीख मिळविणे, भाडे भरणे, तिकिटे छापून घेणे, भित्तिपत्रके लावणे, आणि ‘माणसे येतील ना?’ या प्रश्नाने झोप घालविणे. सभागृहाचे भाडे सुमारे ३२ पौंड होते असे सांगतात. तिकीट ५० पेन्सांचे. दोघांच्या स्वतःच्या बँडने, म्हणजे ‘बझकॉक्स’ने, त्या रात्री प्रथम वाजवावे असा मूळ बेत होता, पण तयारी झाली नाही, वादकच पुरेसे जमले नाहीत, आणि आयत्या वेळी बोल्टनच्या ‘सॉल्स्टिस’ नावाच्या दुसऱ्याच धाटणीच्या बँडला उभे करावे लागले. यजमानाचाच नैवेद्य चुलीवर राहावा आणि शेजारच्या ताटावर पंगत उठावी, तसे हे झाले.

पिस्टल्सचा व्यवस्थापक माल्कम मॅक्लॅरन दाराशी उभा राहून येणाऱ्यांना आत ढकलीत होता. स्टीव्ह डिगल नावाचा एक तरुण बाहेर रस्त्यावर कोणा भलत्याच गृहस्थाची वाट पाहत उभा होता. त्यांना भेटून एक बँड काढण्याची बोलणी करावयाची होती. इकडे डेव्होटो आणि शेली हेही एका बेस गिटार वाजविणाऱ्याच्या प्रतीक्षेत होते. मॅक्लॅरनने दोन प्रतीक्षांची गाठ चुकीने, पण कायमची, घालून दिली. डिगलला आत नेऊन त्याने या दोघांपुढे उभे केले. ज्याची वाट पाहिली तो आला नाही आणि जो आला तो पुढे कित्येक दशके बझकॉक्समध्ये राहिला. ही हकीकत डिगल स्वतः सांगतो. इतिहासात योगायोगाला किती जागा द्यावी याचा निकाल पंडितांनी लावावा. त्या रात्री मात्र त्याला दारातच जागा मिळाली होती.

मग पिस्टल्स मंचावर आले. जॉनी रॉटन हा गायक, स्टीव्ह जोन्स गिटारवर, ग्लेन मॅटलॉक बेसवर आणि पॉल कुक ड्रमवर. त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रम होऊन सात महिनेही झाले नव्हते; अद्याप एकही तबकडी निघालेली नव्हती. त्यांनी काही इतरांची जुनी गाणी आणि काही स्वतःची नवी गाणी म्हटली. आवाजाची व्यवस्था वाईट होती, हे बहुतेक साक्षीदार मान्य करतात. आसने बहुतांशी रिकामी होती. गायक श्रोत्यांची मनधरणी करीत नव्हता. उलट त्यांच्याकडे तुच्छतेने पाहत होता. आपल्याकडच्या मैफलीत गवई श्रोत्यांची दाद मिळावी म्हणून जागा घेतो आणि दाद मिळताच तीच जागा फिरून दाखवितो; त्या शिष्टाचाराचा येथे मागमूसही नव्हता.

तरीही काहीतरी घडले. आणि जे घडले ते मंचावर नव्हे, खाली घडले. सॅलफर्डच्या शाळेतील दोन मित्र, पीटर हुक आणि बर्नार्ड समनर, त्या थोड्या श्रोत्यांत होते. आपण पाहिले ते वादन चांगले नव्हते, हे दोघांनीही पुढे अनेकदा सांगितले आहे. समनरच्या सांगण्याचा भावार्थ असा की, गायक म्हणजे कोणी देवासारखा दुर्लभ पुरुष असतो ही समजूतच त्या रात्री मोडून पडली. हुकने दुसऱ्याच दिवशी बेस गिटार विकत घेतली; ती वाजवायची कशी हे त्याला ठाऊक नव्हते. या दोघांतून पुढे ‘जॉय डिव्हिजन’ आणि त्यानंतर ‘न्यू ऑर्डर’ हे बँड उभे राहिले. श्रोत्यांत मार्क ई. स्मिथ होता, त्याने ‘द फॉल’ काढला आणि तो आपल्या मृत्यूपर्यंत, म्हणजे २०१८ पर्यंत, चालविला. सतरा वर्षांचा स्टीव्हन मॉरिसी होता. त्याने थोड्याच दिवसांत साप्ताहिकाला त्या कार्यक्रमाविषयी पत्र धाडले आणि १९८२ साली जॉनी मार याच्यासह ‘द स्मिथ्स’ हा बँड काढला. पॉल मॉर्ली होता. तो संगीतावर लिहिणारा नामांकित लेखक झाला. चाळिसांच्या सभेतून इतकी माणसे निघावीत, हे प्रमाण कोणालाही थक्क करणारे आहे.

येथेच इतिहासलेखकाने सावध व्हावयास हवे. सहा आठवड्यांनी, २० जुलैला, पिस्टल्स त्याच सभागृहात पुन्हा आले. या वेळी बझकॉक्स तयार होते. ‘स्लॉटर अँड द डॉग्ज’ हा स्थानिक बँडही होता. आणि श्रोते शेकड्यांनी होते. जॉय डिव्हिजनचा गायक इयन कर्टिस दुसऱ्या खेळास होता असे धरले जाते. परंतु सांगणाऱ्यांच्या स्मरणात या दोन रात्री एकमेकींत मिसळल्या आणि जुलैतील गर्दी हळूहळू जूनमध्ये येऊन बसली. ग्रॅनाडा दूरचित्रवाणीचा निवेदक टोनी विल्सन, ज्याने याच वर्षी पिस्टल्सना प्रथम दूरचित्रवाणीवर आणले, तो आपण पहिल्या रात्रीस हजर होतो असे सांगे. इतर काहींना ते पटत नाही. तो २००७ साली वारला आणि प्रश्न तसाच राहिला.

असे का व्हावे? खोटे बोलण्याची हौस एवढेच कारण नसावे. पानिपताच्या बखरी आणि पानिपताच्या काळची पत्रे यांत जे अंतर आहे तेच येथे आहे. पत्र लिहिणाऱ्याला उद्याची चिंता असते. बखरकाराला कालचा अर्थ लावावयाचा असतो. चाळीस श्रोत्यांपैकी कोणालाही त्या रात्री आपण इतिहासात बसलो आहोत हे ठाऊक नव्हते, म्हणून कोणी हजेरी घेतली नाही. पुढे अर्थ लागला, आणि अर्थ लागल्यावर प्रत्येकाला आपण त्यात असावे असे वाटले. सदाशिवरावभाऊंच्या नावाने उभा राहिलेला तोतया १७७६ साली, मँचेस्टरच्या रात्रीच्या बरोबर दोनशे वर्षे आधी, पुण्यात शिक्षा पावला. त्याच्यामागे जाणारे सगळेच लबाड नव्हते. भाऊ परत यावेत ही इच्छाच अनेकांच्या डोळ्यांवर आली होती. श्रोत्यांच्या तोतयांनाही तोच न्याय लावणे योग्य.

याच वास्तूला असा प्रसंग आधीही ओळखीचा होता. १७ मे १९६६ रोजी, म्हणजे दहाच वर्षांपूर्वी, तेथील मोठ्या सभागृहात बॉब डिलन विजेची गिटार घेऊन उभा राहिला तेव्हा साधे लोकसंगीत ऐकू इच्छिणाऱ्या एका श्रोत्याने त्याला येशूचा विश्वासघात करणाऱ्या ज्यूडासच्या नावाने हाक मारली. त्या रात्रीचे चोरटे ध्वनिमुद्रण वर्षानुवर्षे लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलच्या नावावर खपत राहिले. १९९८ साली ते अधिकृतपणे निघाले तेव्हा कोठे मँचेस्टरचे मँचेस्टरला परत मिळाले. आणि हाक मारणारा तो कोण, या प्रश्नाला एकाहून अधिक जणांनी ‘मी’ असे उत्तर दिलेले आहे. परगावी घडलेल्या गोष्टीवर राजधानीचा शिक्का बसतो, याचे याहून बोलके उदाहरण शोधावयास नको.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. त्या रात्री गाणारा बँड ‘इंडी’ होता काय? मुळीच नव्हता. चारच महिन्यांनी, ऑक्टोबर १९७६ मध्ये, पिस्टल्सनी ईएमआय या बलाढ्य कंपनीशी करार केला. डिसेंबरात दूरचित्रवाणीवरील अपशब्दांवरून गहजब झाला, जानेवारीत कंपनीने त्यांना सोडले, मार्चमध्ये दुसऱ्या कंपनीने घेऊन आठवड्याच्या आत टाकले, मे महिन्यात तिसरीने उचलले आणि जानेवारी १९७८ मध्ये बँड फुटला. त्यांनी स्वतंत्र व्यवहाराचा कोणताही पाया घातला नाही. तो घातला त्यांना बोलावणाऱ्या यजमानांनी.

२८ डिसेंबर १९७६ रोजी बझकॉक्सने मँचेस्टरच्याच एका ध्वनिमुद्रणगृहात चार गाणी काही तासांत मुद्रित केली. ध्वनियोजक होता मार्टिन हॅनेट. खर्चासाठी मित्र व आप्त यांच्याकडून सुमारे ५०० पौंड उसने घेतले होते. त्यांत शेलीच्या वडिलांचाही मोठा वाटा होता. कोणत्याही कंपनीची वाट न पाहता ‘न्यू हॉर्मोन्स’ हे नाव धारण करून त्यांनी स्वतःच तबकडी काढली. तिचे नाव ‘स्पायरल स्क्रॅच’. ती २९ जानेवारी १९७७ रोजी बाहेर पडली. वेष्टनावरील छायाचित्र शहरातील रॉबर्ट पीलच्या पुतळ्यापाशी काढलेले होते. धान्याचे कायदे रद्द करणारा पंतप्रधान तो हाच. म्हणजे ज्याच्या कृत्याचे स्मारक म्हणून सभागृह उभे राहिले, त्याच्याच पायाशी या मुलांनी आपला मुक्त व्यापार मांडला! वेष्टनावर आणखी एक गोष्ट छापलेली होती. कोणते गाणे कितव्या प्रयत्नात मुद्रित झाले आणि त्यावर मागाहून काय चढविले, याचा तपशील. कारागिराने आपले गुपित झाकून ठेवण्याऐवजी उघडे करून दाखवावे, हा नवा रिवाज होता. पहिल्या हजार प्रती पाहता पाहता संपल्या. पुढे हा आकडा सोळा हजारांपर्यंत गेला.

लहान कंपन्या त्यापूर्वी नव्हत्या असे नाही. इंग्लंडातच ‘चिस्विक’ १९७५ मध्ये आणि ‘स्टिफ’ १९७६ मध्ये निघाली होती. पण बँडने स्वतःच प्रकाशक व्हावे आणि ते कसे व्हावे हे इतरांना शिकवावे, ही गोष्ट या तबकडीने नेटाने दाखवून दिली. तिचे अनुकरण वेगाने झाले. १९७८ साली लंडनच्या ‘स्क्रिटी पोलिटी’ या बँडने आपल्या पहिल्या तबकडीच्या वेष्टनावर मुद्रणगृहाचे भाडे, तबकड्या छापण्याचा व लेबलांचा खर्च अशी बाबवार आकडेवारीच छापली. जमाखर्च ही काव्याच्या विरुद्ध टोकाची वस्तू आहे असे आपण मानतो. येथे जमाखर्चच आवाहन झाला. ‘खर्च एवढाच येतो, तेव्हा तुमचे काय अडले आहे?’ असे जणू तो वाचणाऱ्याला विचारीत होता.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९७८ मध्ये टोनी विल्सन आणि त्याचे सोबती यांनी मँचेस्टरमध्येच ‘फॅक्टरी’ स्थापन केली. बंद पडलेल्या कारखान्यांच्या शहरात हे नाव सहेतुक होते की नाही, हे वाचकांनीच ठरवावे. हॅनेटच्या ध्वनियोजनाखाली जॉय डिव्हिजनची पहिली मोठी तबकडी १९७९ साली निघाली. पुढल्या वर्षी १८ मे रोजी इयन कर्टिसने वयाच्या तेविसाव्या वर्षी जीवन संपविले. उरलेल्यांनी न्यू ऑर्डर हे नाव घेतले. लंडनमधील ‘रफ ट्रेड’ या दुकानाने लहान प्रकाशकांच्या तबकड्या देशभर पोहोचविण्याची व्यवस्था उभारली आणि १९८३ मध्ये द स्मिथ्सची पहिली तबकडी त्याच संस्थेने काढली. जानेवारी १९८० पासून ब्रिटनमध्ये स्वतंत्र प्रकाशकांच्या खपाची निराळी यादी छापली जाऊ लागली. म्हणजे या व्यवहाराला जणू स्वतःचे दप्तर मिळाले.

दप्तर मिळाले की शब्दाचा अर्थ बदलू लागतो, हा अनुभव सरकारी कामातही येतो. आधी ‘इंडी’ म्हणजे तबकडी कोणी काढली याची नोंद होती. १९८६ च्या सुमारास ती तबकडी कशी वाजते याचे वर्णन झाली. पुढे बड्या कंपन्यांनीही त्या धाटणीचे बँड बाळगले आणि शब्द राहिला, व्यवहार गळाला. व्यवहार टिकविणाऱ्यांचीही सोपी गत झाली नाही. मालकी कलावंतांची, असे तत्त्व सांगणारी फॅक्टरी १९९२ साली दिवाळखोरीत गेली. हिशेब उघडा ठेवणे निराळे आणि हिशेब जुळविणे निराळे. विल्सन व त्याच्या मंडळींना पहिल्यापेक्षा दुसरे अवघड गेले. फ्री ट्रेड हॉलमधून हॅले वाद्यवृंद १९९६ साली नव्या जागी गेला, आणि आज त्या दर्शनी भिंतीमागे एक हॉटेल आहे.

मग त्या रात्रीचे श्रेय किती? सर्व काही ४ जूनमुळे झाले, असे म्हणणे ही बखर झाली. बेकारी होती, स्वस्त भाड्याची पडकी जागा होती, तबकडी छापून देणारे कारखाने होते, गावोगाव अस्वस्थ मुले होती. पिस्टल्स आले नसते तरी यांतून काहीतरी निघालेच असते. लंडनमध्ये, बेलफास्टमध्ये, इतरत्रही ते निघाले. उलट, त्या रात्रीने काहीच केले नाही असे म्हणणे हाही हट्टच. समान असंतोष असलेली चाळीस माणसे शहरात विखुरलेली होती आणि प्रत्येकाला आपण एकटेच आहोत असे वाटत होते. त्या रात्री ती एका छताखाली आली आणि त्यांनी एकमेकांना पाहिले. एवढेच घडले, पण एवढे घडण्यासाठी कोणीतरी आधी ३२ पौंड भरून ते छत भाड्याने घ्यावे लागले होते.

आमच्या मते त्या रात्रीचे खरे नायक मंचावरचे चौघे नव्हेत. स्वतःची तयारी झालेली नसतानाही सभागृह घेणारे ते दोन विद्यार्थी होत. त्यांनी लंडनला जाऊन राहण्याचा विचार केला नाही. लंडनकडून जे घ्यावयाचे ते एका रात्रीपुरते आणविले, आणि तबकडी काढली ती मँचेस्टरमध्येच, मँचेस्टरचा पत्ता घालून. मध्यवर्ती ठिकाणापासून दूर असणे हे वैगुण्य आहे असे धरून बसलेल्यांना ही गोष्ट विचार करावयास लावील. महाराष्ट्राबाहेर निघणाऱ्या मराठी नियतकालिकांचे, परगावच्या मंडळांच्या नाट्यप्रयोगांचे, चाळीस खुर्च्या मांडून वीस श्रोत्यांपुढे होणाऱ्या काव्यवाचनाचे मोल आपण बहुधा गर्दीवरून ठरवितो आणि खिन्न होतो. गर्दी जुलैत येते. तिची मोजदाद सोपी असते आणि तिच्या आठवणीही पुष्कळ असतात. परंतु जुलैतील गर्दीला बोलावणे जूनमधल्या रिकाम्या खुर्च्यांनी धाडलेले असते.

पुढच्या शनिवारी घरातील तरुण मंडळी एखाद्या अनोळखी बँडला ऐकायला निघाली, तर त्यांना उशीर किती होईल हे अवश्य विचारावे. पण श्रोते किती होते, हे परतल्यावर विचारू नये. विचारावयाचेच झाल्यास एवढेच विचारावे की, सभागृह कोणी घेतले होते, आणि शेजारच्या खुर्चीवर कोण होते.